पहिली मोठी मोटरसायकल जुनी घेत आहे. फक्त ७,००० किलोमीटर चाललेली २०१९ ची गाडी घ्यावी का? रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० बरी की केटीएमची ड्यूक ३९०?

तुम्ही धुळ्यात राहता, आजवर १२५ सीसीची गाडी चालवली आहे, हाताशी साधारण दीड लाख रुपये आहेत आणि भुसावळच्या एका विक्रेत्याने तुम्हाला ‘शोरूम कंडिशन’मधली, ७,००० किलोमीटर चाललेली गाडी दाखवली आहे, एवढे प्रश्नावरून समजले. क्लासिक की ड्यूक याकडे मी शेवटी येतो. त्याआधी त्या ७,००० किलोमीटरविषयी लिहिणे मला भाग आहे, कारण अशाच एका आकड्यावरून आमच्या घरात काही वर्षांपासून वाद चालू आहे आणि माझ्या मते तो मी केव्हाच जिंकलेला आहे.

मत आधीच स्पष्ट सांगतो. इतक्या वर्षांत ७,००० किलोमीटर चाललेली गाडी आणि त्याच वर्षाची ४०,००० किलोमीटर चाललेली गाडी शेजारी उभ्या केल्या, तर मी दुसरीकडे आधी जाईन. पहिली वापरलेली नसते, पडून राहिलेली असते, आणि खानदेशात पडून राहणे म्हणजे बहुधा पत्र्याच्या शेडखाली, जिथे मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात आणि आत किती होत असतील ते रबरालाच ठाऊक.

मी चाळीसगावचा आणि माझे दाजी जळगावचे. मला पहिली मोठी गाडी घ्यायची होती तेव्हा त्यांनी पुढाकार घेऊन जळगावात एक गाडी शोधून ठेवली. बनावट सांगत नाही, कारण मग उत्तराखाली त्या कंपनीवरूनच भांडणे सुरू होतील. गाडी जेमतेम ६,००० किलोमीटर चाललेली होती, मालक नोकरीनिमित्त परगावी होता आणि टाकी आरशासारखी चमकत होती. आम्ही सकाळी दुकान उघडता उघडता पोहोचलो, तरी इंजिनाच्या फिन्सना हात लावला तर त्या कोमट लागल्या, म्हणजे आम्ही येण्याआधीच कोणीतरी गाडी सुरू करून ठेवली होती. थंड इंजिन किती सेल्फ मारल्यावर सुरू होते, पहिल्या मिनिटात कसा आवाज करते आणि सायलेन्सरमधून कोणत्या रंगाचा धूर सोडते, हेच तर खरे पाहायचे असते, आणि नेमके तेच आम्हाला पाहता आले नाही.

मग मी खाली बसलो. टायरच्या बाजूवर लांबट गोलात चार आकडे कोरलेले असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. दोन्ही टायर गाडीच्याच वयाचे होते. नक्षी पूर्ण शिल्लक होती, परंतु नख दाबले तर रबर जराही दबत नव्हते आणि नक्षीच्या खाचांत बारीक भेगा होत्या. असा टायर पाहायला नवा आणि पावसात निसरडा असतो. पुढच्या शॉकअपच्या दांड्यांवर तेलाचे ओलसर कडे होते, म्हणजे ऑइल सील गेलेली. ब्रेक ऑइल काळपट पडले होते. ते हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून गाडी चालो वा न चालो, दर दोन वर्षांनी बदलावेच लागते. टाकीचे झाकण उघडून मोबाईलचा उजेड आत टाकला तेव्हा तळाशी तांबूस गंज दिसला. पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी धरते, त्यामुळे अर्धी रिकामी टाकी वर्षानुवर्षे उभी राहिली की गंज चढतो आणि पुढे तोच गाळ इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या इंजेक्टरकडे किंवा कार्बोरेटरच्या जेटकडे जातो.

दाजींचे म्हणणे एकच होते. “अरे, गाडी अनटच आहे. एवढी कमी चाललेली गाडी पुन्हा तुझ्या हाती लागणार नाही.” मी नको म्हणालो, तेव्हा दुकानदारासमोर आपला शब्द खाली पडला असे त्यांना वाटले. पुढच्या सगळ्या वादाचे मूळ गाडीपेक्षा त्या क्षणात अधिक आहे, हेही इथे नोंदवून ठेवतो.

त्याच आठवड्यात चाळीसगावात मला त्याच बनावटीची आणि त्याच वर्षाची दुसरी गाडी मिळाली. मालक औषध कंपनीचा प्रतिनिधी होता, पाचोरा, भडगाव, अमळनेर असा रोजचा फिरता माणूस. मीटरवर ४१,००० किलोमीटर होते आणि किंमत जळगावच्या गाडीपेक्षा अठरा हजारांनी कमी होती. त्याने प्लास्टिकच्या फाइलमध्ये प्रत्येक सर्व्हिसिंगचे बिल तारखेनुसार लावून ठेवले होते आणि मी विचारण्याआधीच सांगितले की चेन किट, म्हणजे चेन आणि तिची दातेरी चक्रे, दोन-तीन महिन्यांत बदलावे लागेल आणि पुढचा टायर या पावसाळ्यापुरताच आहे. सकाळी त्याच्या अंगणात गाडी अगदी थंड होती आणि पहिल्याच सेल्फला सुरू झाली. माझ्या ओळखीच्या मिस्त्रीने नट-बोल्टांची डोकी पाहिली, इंजिनाच्या जोडांतून, ते पुन्हा खोलून बसवताना लावतात ते सोल्यूशन बाहेर आले आहे का ते पाहिले आणि आमच्या अहिराणीत एवढेच म्हणाला, “भाऊ, इंजिनले आजून कोना हात लागेल नही.” मी तिथेच विसार दिला.

दाजींनी ही गोष्ट इतकी मनाला लावून घेतली की जळगावची ती गाडी त्यांनी स्वतःच्या धाकट्या भावाला घ्यायला लावली. त्या गाडीला पहिल्या वर्षात दोन्ही टायर, बॅटरी, शॉकअपच्या सील, पुढच्या ब्रेकचे मास्टर सिलिंडर आणि टाकीची सफाई असा एकामागून एक खर्च लागला, शिवाय भर उन्हाळ्यात ती भुसावळ रस्त्यावर बंद पडली ते वेगळेच. माझ्या गाडीला चेन किट आणि पुढचा टायर लागला, म्हणजे मालकाने सांगितले होते तेवढेच. दाजी अजूनही म्हणतात की जुन्या गाडीला खर्च येतोच. येतो, मान्य आहे. पण एकाने तो आधी सांगितला होता आणि दुसऱ्याने त्यावर पॉलिश मारले होते, आणि किंमत पॉलिशवाल्याची जास्त होती. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूससुद्धा बांधलेल्या घोड्याची चमक पाहून पैसे देत नाही, आधी तो चालवून पाहतो.

भुसावळची गाडी पाहायला जाल तेव्हा आदल्या रात्रीपासून ती सुरू करू नका असे विक्रेत्याला फोनवर बजावा आणि गेल्यावर सर्वांत आधी इंजिनाला हात लावा. मीटरवर विश्वास ठेवू नका, कारण डिजिटल मीटरही मागे फिरवता येतो. त्यापेक्षा फुटरेस्टचे रबर, ब्रेक पेडल, हॅंडलच्या मुठी आणि ब्रेक डिस्क यांची झीज मीटरशी जुळते का ते पाहा. डिस्कची किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. ७,००० किलोमीटरच्या गाडीच्या डिस्कला बोट अडकेल असा काठ पडलेला असेल, तर आणखी काही विचारायची गरज उरत नाही. पुढचे चाक उचलून हॅंडल हळूहळू दोन्हीकडे फिरवा. मध्यावर अडकल्यासारखे झाले तर कोनसेट, म्हणजे हॅंडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, गेलेला आहे. चेन मागच्या चक्राच्या मागील टोकाला धरून बाहेर ओढा आणि तिच्यामागे दात उघडे पडू लागले तर चेन किटचे पैसे किमतीतून वजा करा.

गाडी मध्य प्रदेश किंवा गुजरात पासिंगची असेल तर स्वस्ताईच्या मोहात पडू नका. बऱ्हाणपूर आणि सुरत आपल्याला जवळ असल्यामुळे अशा गाड्या खानदेशात नेहमी विकायला येतात, पण फॉर्म २८ ची एनओसी (मूळ आरटीओचे ना-हरकत पत्र), इथला पुन्हा भरावा लागणारा रोड टॅक्स आणि नवा नंबर यांत ती स्वस्ताई संपते. एमएच १८, १९ किंवा ३९, म्हणजे धुळे, जळगाव किंवा नंदुरबारच्याच नंबरची पाहा. कर्ज फिटलेले असले तरी आरसीवरचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ राहिलेला असतो, तो विक्रेत्याकडून आधी पूर्ण करून घ्या आणि गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ व ३० वर सह्या झाल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नका. किमतीविषयी एक गोष्ट विक्रेते सोयीस्कर विसरतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, आणि त्याहून मोठ्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला आहे. त्यामुळे क्लासिकवाला जर जीएसटी उतरण्याआधीच्या नव्या गाडीच्या किमतीतून हिशेब करून भाव सांगत असेल, तर आजच्या शोरूमच्या किमतीतून हिशेब करायला सांगा.

आता क्लासिक की ड्यूक. तुम्ही जी १२५ चालवता तिचे वजन साधारण ११५ किलो असेल. क्लासिक १९५ किलोंची आहे. हा ऐंशी किलोंचा फरक महामार्गावर जाणवत नाही, तो गल्लीत गाडी वळवताना आणि चढावर थांबून पुन्हा निघताना जाणवतो. शहाद्याहून तोरणमाळला चढताना सातपायरी घाटाच्या वळणावर समोरून जीप आली आणि पाय टेकावा लागला, की इंजिनाची ताकद किती बीएचपी आहे हे कोणी विचारत नाही. म्हणून चालवून पाहण्याआधी इंजिन बंद ठेवून गाडी दहा पावले मागे ढकला आणि जागेवर वळवा. ड्यूक ३९० पंचवीस-तीस किलोंनी हलकी आहे, परंतु तिचे ३७३ सीसीचे इंजिन सुमारे ४३ बीएचपी देते, म्हणजे क्लासिकच्या दुपटीहून अधिक, आणि १२५ वरून थेट तिच्यावर बसणाऱ्याचा हात मुठीवर बसायला वेळ लागतो. शिवाय पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचा पंखा धुळ्याच्या सिग्नलवर मे महिन्यात सुरू झाला की गरम वारा पायांवर येतो, हेही धरून चाला.

पहिली मोठी गाडी म्हणून मी क्लासिक सांगेन. २०१९ ची असेल तर तिला कार्बोरेटर आहे, कारण फ्युएल इंजेक्शन २०२० मध्ये बीएस ६ या प्रदूषण नियमांबरोबर आले. उभ्या राहिलेल्या गाडीच्या बाबतीत ही गोष्ट तुमच्या फायद्याची आहे, कारण कार्बोरेटर साक्रीचा किंवा शिरपूरचा कोणताही मिस्त्री खोलून साफ करू शकतो. सप्टेंबर २०२१ नंतरची, ३४९ सीसीच्या नव्या इंजिनाची क्लासिक बजेटमध्ये बसली तर ती घ्या, तिची थरथर पुष्कळ कमी आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सर्व नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे झाले, त्याआधीची गाडी असेल तर एबीएस आहे की नाही ते मुद्दाम तपासा.

दाजी हे उत्तर वाचणार आहेत, म्हणून थोडे त्यांच्या बाजूनेही. जास्त चाललेली गाडी एकाच मालकाची आणि बिले असलेली असेल तरच मी म्हणतो ते खरे. तीन हातांतून गेलेली किंवा डिलिव्हरीला राबलेली ४०,००० ची गाडी घेऊ नका. कमी चाललेल्या गाडीचे ऑइल मालकाने दर वर्षी बदललेले असेल, टायर नवे असतील आणि त्याची बिले दाखवत असेल, तर ती जरूर घ्या. त्यांच्या भावाची गाडी एवढ्या खर्चानंतर आज उत्तम चालते, हेही खरे आहे. भुसावळवाल्याला मात्र ७,००० किलोमीटरसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. दोन टायर, बॅटरी, सील आणि ब्रेक ऑइल यांचा खर्च तुमच्या मिस्त्रीकडून आधी लिहून घ्या आणि तो कागद घेऊनच भावाला बसा.