‘निसर्गचित्र’ आणि डच ‘लान्टस्खाप’

प्रश्न असा आहे : हेंड्रिक आव्हरकाम्प या डच चित्रकाराच्या एका छोट्या जलरंगचित्रात गोठलेले पाणी आणि त्यावर वावरणारी माणसेच माणसे असताना त्याला ‘निसर्गचित्र’ म्हणणे कितपत योग्य आहे?

रूढ मराठीनुसार ते चूक नाही. शाळेतल्या चित्रकलेच्या तासापासून आपण ‘लँडस्केप’ला निसर्गचित्रच म्हणत आलो आहोत. मात्र मूळ शब्दात निसर्ग कुठेच नाही. इंग्रजांनी तो १६०० च्या सुमारास डच ‘लान्टस्खाप’वरून, चित्रकारांची संज्ञा म्हणून उचलला. डचमध्ये त्याचा जुना अर्थ ‘प्रदेश’ असा, म्हणजे आपल्या ‘मुलूख’ या शब्दाच्या जवळचा. त्यातील ‘स्खाप’ हा प्रत्यय इंग्रजी ‘फ्रेंडशिप’मधील ‘शिप’चा सख्खा भाऊ असून, बांध आणि पाणी सांभाळणाऱ्या, मध्ययुगापासून चालत आलेल्या स्थानिक मंडळांच्या ‘वाटरस्खाप’ या नावातही तोच आहे. हे साम्य मला अर्थपूर्ण वाटते, कारण नेदरलँड्समधली बरीचशी जमीन बांध घालून व पाणी उपसून मिळवलेली आहे. आव्हरकाम्पच्या हयातीतच, १६१२ मध्ये, ॲमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांच्या भांडवलावर बेमस्टर हे अख्खे सरोवर पवनचक्क्यांनी कोरडे करून तिथे शेते आखण्यात आली.

आव्हरकाम्पला (१५८५–१६३४) बोलता येत नसे, म्हणून लोक त्याला, तो राहत असलेल्या काम्पेन गावावरून, ‘काम्पेनचा मुका’ म्हणत. त्याच्या बर्फावर काठीने चेंडू टोलवत ‘कोल्फ’ खेळणारे उंची पोशाखातले श्रीमंत आणि पोटासाठी मासे धरणारे कोळी एकाच पृष्ठभागावर उभे दिसतात. अशी चित्रे कोणासाठी होती, हेही पाहण्याजोगे आहे. प्रार्थनागृहात चित्रे न ठेवणाऱ्या कॅल्व्हिनपंथी (प्रॉटेस्टंट) चर्चकडून मोठी धार्मिक कामे मिळेनाशी झाल्यावर चित्रकारांची भिस्त खुल्या बाजारावर होती, आणि त्या बाजारात शहरी मध्यमवर्गाच्या भिंतींवर मावतील अशा लहान चित्रांना गिऱ्हाईक होते; आव्हरकाम्पची जलरंगात रंगवलेली रेखाटनेही स्वतंत्र चित्रे म्हणून विकली जात.

म्हणून या चित्रासाठी मी ‘भूदृश्य’ हा शब्द पसंत करीन, कारण त्यात मानवनिर्मित भूमीलाही जागा आहे. ‘मुलूखचित्र’ अर्थाने अधिक नेमके ठरेल, पण ते कोणी वापरणार नाही. ‘निसर्गचित्र’च ठेवायचे असेल, तर निदान त्याआधी ‘हिवाळी’ हे विशेषण जोडावे. तिथली थंडी तरी माणसाने केलेली नव्हती.