डबा आठला, पोरगं दहाला

"मॅडम, लेकराला दुसरा कसलाच नाद नाही. तेवढा मोबाईल सोडवा, बाकी मी बघतो."

लातूरला समुपदेशनाला बसायला लागल्यापासून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की समोरचा बाप खुर्चीत टेकायच्या आत मला ते ऐकू येतं. हे गृहस्थ परभणीकडचे. पहाटेच्या एसटीने आलेले, शर्टाच्या खिशात तंबाखूची पुडी. मुलगा अकरावीत, नीटच्या तयारीसाठी इथे खोली करून राहिलेला. दहावीला नव्वदच्या वर टक्के, आता चाचण्यांमध्ये निम्म्यातही नाही. आठ महिन्यांत नऊ किलो वजन वाढलं. सकाळच्या बॅचला डुलक्या देतो म्हणून क्लासमधून फोन गेलेला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, लिहायला दोघांचीही परवानगी आहे.)

पहिली चूक माझीच. मीही मोबाईलच धरला. रात्री दहाला फोन घरमालकीण काकूंकडे द्यायचा, सकाळी घ्यायचा, असं ठरवलं. पोरगं गुणी, आठवडाभर इमानदारीने पाळलं. पुढच्या भेटीला आला तेव्हा तोंडात बडीशेप होती, डोळे आधीपेक्षा लाल.

"फोन बंद, मग रात्री करतोस काय?"

"खाली जातो."

"खाली म्हणजे?"

"टपरीवर."

दिवसाला एका सिगारेटच्या तीन झाल्या होत्या. फोन होता तोवर निदान खोलीत तरी होता.

तेव्हा मी पाठकोरा कागद काढला. चोवीस चौकोन आखले आणि फोन काकूंकडे द्यायच्या आधीचा एक दिवस लिही म्हटलं. चांगलं-वाईट काही लिहायचं नाही, फक्त कुठे होतास, काय खाल्लंस, सोबत कोण होतं. त्याआधी त्याला एक स्पष्ट सांगितलं: इथे बोलशील ते तुला न विचारता बाबांना सांगणार नाही. तुझ्या जिवाला धोका दिसला तर मात्र सांगावं लागेल, तेही आधी तुझ्या कानावर घालून. तो बराच वेळ पेनाचं टोपण चावत बसला, मग लिहायला लागला.

मेसचा डबा आठला खोलीच्या दाराशी लटकतो. याचा शेवटचा तास साडेनऊला सुटतो, खोलीवर यायला दहा. तोवर पोळ्या वातड, भाजीवर तेलाचा तवंग. मग मोठी पोरं टपरीवर जातात त्यांच्याबरोबर हा. दोन वडापाव, चहा, आणि "एक ओढ, झोप उडते". अकराला अभ्यासिकेत, जाताना एनर्जी ड्रिंकचा कॅन. दोनला परत, डोळे टक्क उघडे, मग रील्स बघत साडेतीन. सकाळी सातच्या बॅचला उपाशी. दुपारी एकदम भूक, परत वडापाव. खेळ? "गावाकडे कबड्डी खेळायचो" एवढंच. तो चौकोन रिकामा.

बापाला मोबाईल दिसला कारण फोनवर पोरगं 'ऑनलाईन' दिसतं. बाकीचं परभणीहून दिसत नाही.

या सवयी एकेकट्या येतच नाहीत, एकमेकींचं बोट धरून येतात, आणि त्यामागे शरीराचा हिशोब असतो. वयात येताना झोपेचं घड्याळ मुळातच तासा-दोन तासांनी पुढे सरकतं, त्यामुळे "दहाला झोप येत नाही" हा सगळाच बहाणा नसतो. त्यात २५० मिलीच्या कॅनमध्ये साधारण ७५ मिलिग्रॅम कॅफिन. त्यातलं निम्मं उतरायला पाचेक तास लागतात, म्हणजे अकराला प्यायलेलं पहाटे चारला अर्धं अंगात असतं. निकोटीनही झोप उडवणारंच. या वयाला आठ ते दहा तास झोप हवी, याला साडेतीनही मिळत नव्हती. झोप कमी पडली की भुकेचं संप्रेरक वाढतं, पोट भरल्याचं सांगणारं कमी होतं, आणि जीव तळलेल्या-गोडाकडे धावतो. पेंगणारं पोर मैदानावर जात नाही. मोबाईल या साखळीचं शेवटचं टोक होता आणि आम्ही सगळे तेच ओढत बसलो होतो.

सिगारेटचं काय, असं तुम्ही विचाराल. अठराच्या आतल्याला ती विकणं हा २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे, सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे. टपरीवाल्याला हे ठाऊक नसेल असं नाही. पण मी मुलाला "सिगारेट सोड" म्हटलं नाही. टपरीवर तो जात होता भुकेपोटी. मग आधी भूकच बघू, म्हटलं.

मेसवाल्या मावशींना मी स्वतः भेटले. त्या फटकळ. "एकट्यासाठी साडेनऊला कोण बसतंय, मॅडम? चार पोरं आणा, माझा पोरगा स्कूटीवर देऊन येईल." त्याने दोन दिवसांत पाच आणली. सगळ्यांचीच तीच रड होती, आजवर कुणी मावशींना विचारलंच नव्हतं. क्लासच्या मधल्या सुट्टीत उकडलेली अंडी किंवा फुटाणे, कॅन बंद, अभ्यास साडेअकरापर्यंतच, उरलेला सकाळी. तो कमी अभ्यासाला घाबरत होता. मी म्हटलं, पंधरा दिवस करून बघ, नाही जमलं तर परत दोनपर्यंत जाग.

तिसऱ्या आठवड्यात सिगारेटचा विषय त्यानेच काढला, आणि बाबांना मीच सांगतो म्हणाला. माझ्यासमोर सांगितलं. बाप काही बोलला नाही. खिशातली पुडी काढली, पिशवीत तळाशी टाकली आणि खिडकीबाहेर बघत बसला.

सगळं सुतासारखं सरळ झालेलं नाही. रविवारी मोठ्या पोरांबरोबर एखादी ओढली जाते, हे तो लपवत नाही, आम्ही त्यावर काम करतोय. वजन वाढायचं थांबलंय, उतरलेलं नाही. गुण निम्म्याच्या वर आलेत, नव्वदच्या जवळपास नाहीत. संध्याकाळी अर्धा तास पोरं गच्चीवर उड्या मारतात, काकू खालून ओरडतात.

तुमच्याही घरातला मुलगा किंवा मुलगी बाहेरगावी शिकत असेल, तर "मोबाईल किती वेळ बघतोस?" याऐवजी "काल रात्री कुठे, कुणाबरोबर जेवलास?" असं विचारून बघा. उत्तर मिळालं तर लगेच रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी मिळणार नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा तोच कागद दिला. रात्री दहाच्या चौकोनात त्याने लिहिलं होतं: 'डबा. गरम. भेंडी.' आणि खाली बारीक अक्षरात: 'मावशींना भेंडी बंद करायला सांगा.'