शोभेचं घरटं टांगलं, पक्षी मात्र फिरकेना

या महिन्यात झाडांपेक्षा पक्ष्यांबद्दलचीच पत्रं जास्त आलीत. त्यातली बरीचशी त्या रंगीत बर्डहाउस आणि फीडरबद्दल आहेत, जे हल्ली नर्सरीत, प्रदर्शनात, ऑनलाइन सगळीकडे मिळतात. म्हणून यावेळचं सदर पूर्ण पक्ष्यांना देतेय.

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही ऑनलाइन एक सुंदर बर्डहाउस मागवलं, लाल छप्पर, पुढे बसायला छोटी दांडी, पांढरं कुंपण वगैरे. मागच्या अंगणात आंब्याला टांगलंय. उन्हाळा संपला तरी एकही पक्षी आत गेला नाही. बागेत बुलबुल आणि शिंपी रोज असतात, पण ते त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. काय चुकतंय? (पुणे)

बुलबुल आणि शिंपी कधीच येणार नाहीत हो, ते पेटीत राहणारे पक्षीच नाहीत. बुलबुल झुडपात काड्यांचं उघडं घरटं करतो, शिंपी मोठी पानं चोचीने टोचून धाग्याने शिवतो, शिंजीर तर फांदीच्या टोकाला लोंबतं घरटं बांधतो. पेटीत येतात ते ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात राहणारे, म्हणजे चिमणी, दयाळ, साळुंकी, झाडी जास्त असेल तर राखी वल्गुली. तांबटही ढोलीतला, पण तो शेवग्याच्या किंवा पांगाऱ्याच्या वाळलेल्या फांदीत स्वतःची ढोली स्वतः कोरतो, त्याच्यासाठी एवढंच करा की वाळकी फांदी दिसली की लगेच तोडायला माणूस बोलवू नका.

आधी ठरवा की घर कोणाला द्यायचंय, कारण सगळं भोकावर आहे. चिमणीला ३२ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच पुरतं. साळुंकीला २ इंच लागतात, आणि ते भोक ठेवलंत की चिमणीची जागा साळुंकी घेणार हे धरून चाला. दयाळला पुढची बाजू अर्धी उघडी असलेली पेटी जास्त आवडते. शोभेच्या घरांना बरेचदा दोन-तीन मोठी दारं असतात, आत उजेडच उजेड, पिल्लं ठेवायला ती जागा कुठल्याच पक्ष्याला बरी वाटत नाही.

आता तुमचंच घर खाली उतरवून नीट बघा. तळाला पाणी जायला बारीक भोकं आहेत का, छपराखाली हवा खेळायला फट आहे का, एक बाजू स्क्रूने उघडते का. नसेल तर ड्रिलने भोकं पाडून घ्या, एक फळी मोकळी करून स्क्रूवर बसवा, कारण पिल्लं उडून गेली की जुनं गवत काढून पेटी साफ करावी लागते, नाहीतर त्यात पिसवा होतात. पुढची दांडी काढून टाका. चिमणीला ती लागत नाही, कावळ्याला आणि मांजराला मात्र उभं राहून आत डोकवायला बरी सापडते. आतून रंग-वॉर्निश असेल तर घासून काढा आणि वास जाईपर्यंत उन्हात ठेवा. छप्पर पत्र्याचं असेल तर वापरूच नका, आत भट्टी होते.

आणि आंब्यावरून काढा. चिमणीला झाड नको, भिंत हवी. पावसाळी छपराखाली, ८-१० फुटांवर, खिळ्यांनी पक्की बसवलेली, न हलणारी, तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला, म्हणजे दुपारचं ऊन आणि पश्चिमेचा पाऊस आत जाणार नाही. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन होतो, तेव्हापासून मार्च आला की साध्या लाकडी पेट्या ठिकठिकाणी वाटल्या जातात. दिसायला अगदी साध्या असतात त्या, पण माझ्या मते हजार रुपयांच्या रंगीत बंगलीपेक्षा ती पेटी शंभर पटीने चांगली. आत गवत-कापूस काही भरू नका. जागा पसंत पडली की नर दाराशी बसून पंख थरथरवत दिवसभर चिवचिवतो, मादी आत-बाहेर करून बघते, मग सुकं गवत, सुतळीचे धागे, पिसं असं सगळं दोघं स्वतःच आणतात. जानेवारीपर्यंत लावून ठेवा आणि मग सारखं जवळ जाऊन बघू नका.

प्रश्न : मुलाने लाल फुलांच्या आकाराचा साखरपाण्याचा हमिंगबर्ड फीडर आणलाय. आमच्याकडे जास्वंदीवर छोटे निळे पक्षी येतात, त्यांच्यासाठी भरून ठेवू का? सोबत लाल रंगाची पावडर पण आलीय. (नागपूर)

पावडर आधी फेकून द्या. आणि फीडरही नको. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात, तुमच्या जास्वंदीवर येतो तो आपला जांभळा शिंजीर. विणीच्या दिवसांत नर उन्हात निळा-जांभळा चमकतो, नंतर तो रंग उतरतो आणि पिवळसर गळ्यावरून पोटापर्यंत एक काळी पट्टी तेवढी राहते, तेव्हा लोकांना वाटतं हा वेगळाच पक्षी आला. त्याला मध लागतो तसेच कोळी आणि बारीक किडेही लागतात, पिल्लांना तर मुख्यतः तेच भरवतो. आणि विदर्भाच्या ४५ डिग्रीत साखरपाणी काही तासांत आंबतं, बुरशी धरते, मुंग्या येतात त्या वेगळ्याच.

त्याऐवजी झाडं लावा. जास्वंद आहेच, सोबत हॅमेलिया लावा, ते वर्षातले बरेच महिने फुलतं आणि कुंडीतही चालतं. जागा असेल तर पांगारा, काटेसावर. आंब्यावर बांडगूळ असेल तर सगळंच्या सगळं काढू नका, त्याच्या नळीसारख्या फुलांवर शिंजीर येतो आणि फळांवर फुलटोचा.

उन्हाळ्यात खरी गरज पाण्याची. मातीची पसरट परळ घ्या, खोली दोन इंचांच्या आत, मध्ये एक खडबडीत दगड, म्हणजे लहान पक्ष्याला उभं राहता येतं आणि चिमणीला अंघोळही करता येते. सावलीत ठेवा, पण अगदी झुडपाला चिकटून नको, मांजर तिथेच दबा धरतं. पाणी रोज बदला आणि परळ हाताने घासा, कारण डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं ओतून टाकल्याने ती जात नाहीत आणि डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात होतो.

प्रश्न : बाल्कनीत चिमण्यांसाठी धान्याचा ट्रे लावला, पण येतात फक्त कबुतरं. सोसायटीत भांडणं व्हायला लागलीत. (ठाणे)

ट्रे आजच काढा, शेजाऱ्यांचं बरोबर आहे. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ रोज श्वासात गेली की काही जणांच्या फुप्फुसांना कायमची इजा होते, हा आजार डॉक्टरांना चांगला माहीत आहे. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हा केवढा वाद झाला ते सगळ्यांनी बघितलं. कबुतराला तुमच्या मूठभर ज्वारीची गरज नाही, शहरात त्याचं उत्तम चाललंय. धान्य बंद केलंत की ती थोडे दिवस कठड्यावर वाट बघतील, मग जातील. फ्लॅटमध्ये धान्य द्यायचंच नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पाण्याची छोटी परळ, दोन-तीन फुलझाडं आणि भिंतीला चिमणीची पेटी, एवढं पुरे. सव्वा इंचाच्या भोकातून कबुतर जात नाही.

प्रश्न : आमचं मोठं अंगण आहे. सासूबाई पक्ष्यांना शिळी पोळी, उरलेला भात, कधी फरसाण टाकतात. चालतं का? (सोलापूर जिल्हा)

फरसाण अजिबात नको, मीठ आणि तेल पक्ष्यांना सोसत नाही. बिनमिठाचा भात थोडा, संध्याकाळपर्यंत उरणार नाही एवढाच. सगळ्यात उत्तम म्हणजे तुमच्याकडचीच जुनी पद्धत, ज्वारीची-बाजरीची कणसं ओसरीला उलटी टांगायची. कोकणात भाताच्या लोंब्या दाराला बांधतात, त्यावरही चिमण्या येतात. कणसाला लटकून दाणे सोडवणं चिमणीला, मुनियाला छान जमतं, कबुतराला जमत नाही. सासूबाईंना हे लगेच पटेल बघा. फीडर घ्यायचाच असेल तर बाजरी, राळा, तांदळाची कणी घाला आणि पावसाळ्यात दाणे ओले झाले की फेकून द्या, बुरशी आलेलं धान्य पक्ष्याला विषच असतं. अजून एक, चिमणी दाणे खाते पण पिल्लांना सुरुवातीला अळ्या आणि किडेच भरवते, तेव्हा परसातल्या भाजीवर औषध फवारणार असाल तर फीडरला काही अर्थ नाही.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. आई इथे आलीय, बॅकयार्डात चिमण्या बघून खूश झाली आणि त्यांच्यासाठी बर्डहाउस लावू म्हणतेय. शेजारीण म्हणते चिमण्यांना घर देऊ नकोस. आईला कसं सांगू? (न्यू जर्सी)

शेजारणीचं ऐक. तिथली चिमणी मूळची तिथली नाही, १८५० च्या दशकात ब्रुकलिनमध्ये मुद्दाम आणून सोडली आणि मग देशभर पसरली. ती तिथल्या ब्लूबर्डची पेटी बळकावते, अंडी फोडते, आत बसलेल्या पक्ष्याला मारतेसुद्धा. आपल्या अंगणात जिला जपायचं तिलाच तिथे जागा द्यायची नाही, हे आईला जड जाईल, पण शांतपणे सांगितलंस तर समजेल. ब्लूबर्डची पेटी दीड इंची भोकाची, घरापासून लांब, मोकळ्या गवतात खांबावर लावा. त्या भोकातून चिमणीही जाते, म्हणून लक्ष ठेवावं लागतं.

आईला मात्र एक काम नक्की दे. दुकानात नायजर नावाचं बारीक काळं बी मिळतं ना, ते आपले कारळेच! चटणीचे कारळे. बारीक चिरेच्या नळीत ते भरलं की गोल्डफिंच येतात, जो न्यू जर्सीचा राज्यपक्षी आहे. फक्त तुमच्याकडे अस्वलं फिरत असतील तर फीडर डिसेंबर ते मार्चच ठेवा. आणि साखरपाण्याचा फीडर तुझ्याकडे चालतो, एक भाग साखर चार भाग पाणी, रंग न घालता, एप्रिलच्या शेवटी हमिंगबर्ड येतात तेव्हा लाव.

प्रश्न : पेटीतलं पिल्लू खाली पडलंय. हात लावला तर आई घेत नाही म्हणतात, खरंय का? (सांगली)

नाही, हात लागला म्हणून आईबाप पिल्लू टाकत नाहीत. अंगावर पिसं नसतील तर हलक्या हाताने उचलून पेटीत परत ठेवा. पिसं आली असतील, टुणटुण उड्या मारत असेल, तर ते उडायला शिकतंय, आईबाप जवळच असतात आणि जमिनीवरही भरवतात. जवळच्या दाट कुंडीत किंवा फांदीवर ठेवा, तोंडात दूध-पाणी घालू नका, आणि दिवसभर मांजर-कुत्रं घरात ठेवा.