स्पंदक स्पंदतो का?

प्रश्न असा आहे: एका लेखात ‘वेगाने स्पंदणाऱ्या ताऱ्यातून गॅमा किरणांचे विसर्जन होते’ असे वाक्य आहे आणि दोनच ओळींनंतर ‘हा स्पंदक सेकंदाला ११ वेळा फिरतो’ असेही आहे. स्पंदक म्हणजे इंग्रजीतला ‘पल्सार’. मग पल्सार स्पंदतो की फिरतो? फिरत असेल, तर ‘स्पंदक’ हा शब्दच चुकला म्हणायचा का?

पल्सार फिरतो. खरोखर स्पंदणारे तारे वेगळेच असतात. वृषपर्वा तारकासमूहातला डेल्टा तारा सुमारे ५.४ दिवसांत एकदा फुगतो आणि आक्रसतो. अशांना ‘स्पंदनशील तारे’ म्हणतात. पल्सार हा जेमतेम २० किलोमीटर व्यासाचा न्यूट्रॉन तारा, म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेला अतिघन गाभा. तो स्वतःभोवती गरगरतो आणि त्याच्या प्रारणाचा झोत दर फेरीला आपल्यावरून जातो, दीपगृहाचा जावा तसा. म्हणून लेखातले ‘स्पंदणाऱ्या ताऱ्यातून’ चूकच आहे.

‘स्पंदक’ मात्र मला चूक वाटत नाही. ‘चालक’ हा शब्द पाहा. चालक चालत नाही, चालवतो. ‘मारक’ म्हणजे मारणारा, मरणारा नव्हे. असे ‘-अक’ लागलेले शब्द प्रयोजक धातूवरूनही होतात. त्याच वाटेने स्पंदक म्हणजे स्पंद उठवणारा. तारा धडधडत नाही, आपल्या उपकरणात धडधड उठवतो. शब्द घडवणाऱ्याच्या मनात हेच होते असा माझा दावा नाही, पण व्याकरण या अर्थाला पूर्ण जागा देते.

इंग्रजी नावातही तीच अडचण आहे. १९६७ मध्ये केंब्रिजला जॉसलिन बेल यांना रेडिओ दुर्बिणीच्या कागदी आलेखावर दर १.३४ सेकंदांनी येणारे ठोके सापडले. १९६८ च्या शोधनिबंधात श्वेत बटू (सूर्यासारखा तारा विझल्यावर उरणारा दाट गोळा) किंवा न्यूट्रॉन तारा खरोखरच स्पंदत असावा, अशी शक्यता मांडली होती. ‘पल्सार’ हे नाव त्याच वर्षीचे. पुढे क्रॅब तेजोमेघातला, दर ३३ मिलिसेकंदांनी ठोका देणारा पल्सार सापडला. श्वेत बटू इतक्या झपाट्याने ना स्पंदू शकतो, ना फिरू शकतो. शिवाय या पल्सारची गती हळूहळू मंदावताना दिसली आणि फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यावर शिक्कामोर्तब झाले. तोवर नाव रुळले होते.

गॅमा किरणांपाशी, म्हणजे सर्वांत जास्त ऊर्जेच्या प्रारणापाशी, तर ‘स्पंदक’ हा शब्द आणखी रंजक होतो. ताऱ्याचे परिवलन आणि प्रचंड चुंबकीय क्षेत्र मिळून विद्युतक्षेत्र तयार होते, त्यात इलेक्ट्रॉन बेफाम वेग घेतात आणि वाकड्या चुंबकीय रेषांवरून धावताना गॅमा किरण सोडतात. ही सारी ऊर्जा परिवलनातून खर्च होते, म्हणून तारा मंदावतो. लेखातला ११ फेऱ्यांचा तारा म्हणजे वेला पल्सार असणार. गॅमा किरणांच्या आकाशात सतत तेवणारा सर्वांत तेजस्वी स्रोत तोच. तरीही २००८ मध्ये अवकाशात सोडलेल्या फर्मी या गॅमा किरण दुर्बिणीला त्याचा साधारण दोन मिनिटांत एक फोटॉन (प्रारणाचा एक कण) मिळतो, म्हणजे हजारभर फेऱ्यांमागे एक! इथे ठोका ऐकू येतच नाही. महिनोन्‌महिने जमवलेला एकेक फोटॉन फेरीच्या कोणत्या टप्प्यावर आला हे मांडत गेले की हळूहळू दोन शिखरे उभी राहतात. त्या आलेखासाठी मी ‘स्पंदाकृती’ म्हणेन. ‘धडधड’ शब्द तिथे शोभत नाही.

गॅमा किरणांचा झोत रेडिओच्या झोताहून रुंद असतो, त्यामुळे काही पल्सार फक्त गॅमा किरणांतच सापडतात.

आता ‘विसर्जन’. सभेचे विसर्जन होते, म्हणजे ती संपते. किरणांचे ‘उत्सर्जन’ होते, कारण ‘उत्’ मध्ये बाहेर निघणे आहे. साध्या लेखात ‘किरण बाहेर पडतात’ हे त्याहून सरस. मी ते वाक्य असे लिहीन: ‘वेगाने फिरणाऱ्या स्पंदकातून गॅमा किरण बाहेर पडतात.’