केगरेटर घ्यायचा का? आधी केग किती दिवसांत संपतो ते मोजा

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. दोघं मिळून आठवड्याला १२ कॅन बिअर पितो, बहुतेक लोकल आयपीए (हॉप्सची कडवट बिअर). २४ कॅनची पेटी ३६ डॉलरला पडते. ७५० डॉलरचा केगरेटर, म्हणजे केग (बिअरचं पिंप) आत ठेवून नळाने बिअर काढायचा फ्रिज, दुकानाच्या कार्डावर १२ महिने बिनव्याजी मिळतोय. हाफ बॅरल हा मोठा केग १६५ डॉलरला आहे, सिक्स्टल हा लहान केग ८५ ला. पैसे वाचतील का?

उत्तर: आज तुम्हाला १२ औंसांचा कॅन दीड डॉलरला पडतो. सिक्स्टलमधून असे ५५ ग्लास निघतात. फेस आणि तळाची बिअर मिळून दहा टक्के गेली, तर ५० उरतात, म्हणजे ग्लासला १.७० डॉलर. कॅनपेक्षा महाग! तेव्हा बचत झालीच तर हाफ बॅरलमध्येच. त्यात १६५ ग्लास, नासाडी वजा जाता १४८, ग्लास १.११ ला.

वर्षाला ६२४ ग्लासांवर साधारण २४३ डॉलर वाचतात. त्यातून बिअर ढकलणारा कार्बन डायऑक्साइड गॅस भरणं ३०, लाइन (केगपासून नळापर्यंतची नळी) धुण्याचं रसायन आणि नवी नळी ४०, वीज ६० असा माझा अंदाज वजा करा. हातात राहतात ११३. म्हणजे ७५० वसूल व्हायला साडेसहा वर्षं. केगची अनामत परत मिळते, म्हणून ती धरलेली नाही.

खरी अडचण पुढे आहे. १४८ ग्लास संपवायला तुम्हाला बारा आठवडे लागतील. पाश्चराइज्ड (उष्णता देऊन टिकाऊ केलेली) बिअर कार्बन डायऑक्साइडखाली थंड ठेवली, तर तीन महिने सहज निघतात. पाश्चराइज न केलेल्या आयपीएची चव मात्र सहा ते आठ आठवड्यांतच उतरते. तुमच्या वेगाने आठ आठवड्यांत शंभरेक ग्लास होतील, उरलेले पन्नासेक बेचव. म्हणजे प्रत्येक केगमागे सुमारे ५५ डॉलर पाण्यात, आणि वर्षात असे चार केग. आयपीएच प्यायची असेल, तर हा सौदा तोट्याचाच आहे.

साधी पाश्चराइज्ड लागर (कमी कडवट बिअर) चालणार असेल तरी फेसाकडे लक्ष ठेवावं लागेल. दहाऐवजी पंचवीस टक्के बिअर फेसात गेली, की ग्लास १.३३ ला पडतो, वर्षाची बचत १०६ वर येते आणि गॅस, लाइन आणि विजेचे १३० भागत नाहीत. तापमान ३८ फॅरनहाइट आणि गॅसचा दाब १० ते १२ पीएसआय ठेवा. केग गाडीतून हादरत आलेला असतो. चोवीस तास थंड होऊ द्या, मगच नळ उघडा. तापमान हवेचं मोजू नका: पाण्याचा ग्लास केगशेजारी रात्रभर ठेवून त्यात थर्मामीटर बुडवा. पहिलाच ग्लास फेसाळला आणि पुढचे नीट आले, तर नळाचा टॉवर (वरचा उभा खांब) गरम आहे. आत थंड हवा फेकणारा छोटा पंखा बसवा. सगळेच ग्लास फेसाळत असतील, तर केग गरम आहे, दाब चुकलाय, नळी आखूड आहे किंवा लाइन मळलेली आहे. ३/१६ इंची नळी निदान पाच फूट हवी. लाइन दर दोन आठवड्यांनी धुवा.

गॅसची गळती हा आणखी एक छुपा खर्च. सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर वॉशर बदला. सिलिंडरवरच्या काट्यावर विसंबू नका. आत द्रवरूप वायू असेपर्यंत तो जवळपास हलत नाही, मग एकदम पडतो. सिलिंडरचं वजन करून पाहा.

नळ घरात आला की हात सैल सुटतो, हेही धरून चाला. आठवड्याला दोनच ग्लास वाढले तरी वर्षाला ११५ डॉलर जातात, म्हणजे उरलेली सगळी बचत. तब्येतीचा भाग वेगळाच.

कार्डाची अट नीट वाचा. अशा योजनांत व्याज बहुधा माफ नसतं, फक्त पुढे ढकललेलं असतं. बाराव्या महिन्याअखेर थोडीशी रक्कम राहिली, तरी पहिल्या दिवसापासूनचं सगळं व्याज लागतं.

माझं मत: या कार्डावर घेऊ नका. हौस म्हणून हवाच असेल तर वापरलेला शोधा, तीनशेच्या आत, रोख. घेण्याआधी विकणाऱ्याला तो आदल्या रात्रीपासून चालू ठेवायला सांगा आणि पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर बुडवून बघा. ४० फॅरनहाइटच्या वर दाखवत असेल, तर तो केगरेटर तिथेच सोडा.