पोच आली का?

चि. बाळ,
आशीर्वाद.

गस्तीचा मार्ग बदलल्याचं तू कळवलंस, वरून पोच आली नाही, म्हणून पुन्हा विचारलंस आणि बोलणी खाल्लीस. आता मला विचारतोस, गप्प बसायला शिकू का? अजिबात नाही! एकदा सांगितलं म्हणजे सांगितलं नव्हे.

१० डिसेंबर १९७१, बांगलादेशाचं युद्ध. आपल्या नौदलाचे कमांडर मोहन सामंत ‘पद्मा’, ‘पलाश’ आणि ‘पनवेल’ या बोटी घेऊन तिथल्या मोंगला बंदरातून नदीनं खुलना शहराकडे निघाले होते. पहिल्या दोन म्हणजे कोलकाता बंदरातल्या साध्या बोटी, बोफर्स तोफा बसवून लढाऊ केलेल्या. वरून ओळखू याव्यात म्हणून पिवळी खूण केलेली, वायुदलाला कळवलेलं. दुपारी विमानं आली. आपलीच आहेत म्हणून तोफा डागल्या नाहीत. त्याच विमानांनी ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ बुडवल्या. ‘पलाश’च्या इंजिनरूममधले मोहम्मद रुहुल अमीन पोहत काठाला लागले, तर तिथे पाकिस्तानच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांनी त्यांना मारलं. ‘पनवेल’ वाचली, तिनं पाण्यातली माणसं उचलली.

वैमानिकांना शिव्या देऊ नकोस. नदीत शत्रूची बोट आणि आपली बोट एकाच वळणावर असते. वरून दोन्ही सारख्याच.

आणि त्याच वर्षीचा ऑगस्ट आठव. बंगालातल्या प्लासीला भागीरथी नदीत तयार केलेल्या मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे बांगलादेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांच्या, नौदल कमांडोंसाठी आकाशवाणीवरची दोन गाणी ठरली होती. पहिलं वाजलं की तयारी, दुसरं वाजलं की हल्ला. एकावर भागवलं नाही, दोन!

मी तुझ्याएवढा असताना ओहोटीला आमची बोट गाळात रुतली. सुटली, पण पाण्यानं आम्हाला बरंच खाली नेलं. बोट हाकणारा तांडेल म्हणाला, “साहेब, जागा बदलली, कळवा.” मी म्हटलं, मघाशी कळवलंय. खरं तर रुतल्याची लाज वाटत होती. अंधारात आम्हाला शोधणारी आपलीच बोट येऊन आदळली आणि एका पोराचा डावा पंजा दोन बोटींच्या मध्ये सापडला. एकोणीस वर्षांचा होता. पुढे त्यानं लग्नाची पत्रिका पाठवली. मी गेलो नाही. तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.

त्यानंतर मी प्रत्येक सिग्नलची पोच मागितली. लोक किरकिऱ्या म्हणाले, एक बढतीही अडली. अडू दे. माझ्या हाताखाली पुन्हा कुणाला आपल्याच बोटीनं इजा झाली नाही, हे कुणी मला नाकारून दाखवावं.

नोकरी सोडायचीच असेल तर दुसऱ्या कारणासाठी सोड, बोलणी खाल्ली म्हणून नको. निघताना सांग, वळण घेतल्यावर सांग, रुतलास तर आधी सांग. पोच आली नाही तर पुन्हा सांग, आवाज न चढवता. चिडशील तर ऐकणारा तुझा राग ऐकेल, जागा ऐकणार नाही. आणि तांडेलाला समोर बसवून विचार, ओहोटीला कुठे पाणी उरत नाही ते.

शुक्रवारी परत आलास की फोन कर. कितीही रात्र होऊ दे, मी जागा असेन.

तुझा,
काका