मारुती ऑम्नीचा क्लच घरच्या घरी बदलता येतो का? खड्डा नाही, लिफ्ट नाही, मदतीला एकच माणूस आहे. नुसती प्लेट टाकावी की पूर्ण सेट?

येतो. मी बदललाय. एकाच आठवड्यात दोनदा बदललाय, आणि दुसऱ्यांदा का बदलावा लागला हे आमच्या सासरवाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यामुळं प्रश्न दिसला आणि गप्प बसवलं नाही.

ऑम्नी मागच्या चाकांवर ओढते हे तुमचं नशीब समजा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्स काढायचा म्हणजे आधी दोन्ही बाजूचे ॲक्सल ओढून काढा, मग इंजिनाच्या आणि चेसिसच्या बेचक्यात हात अडकवून घ्या. इथं सगळं एका रांगेत आहे. सीटखाली इंजिन, त्यामागं गिअरबॉक्स, त्यामागं प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागची चाकं फिरवणारा लांब दांडा. शाफ्ट काढा, बॉक्स मागं सरकवा, क्लच समोर. ७९६ सीसीचं इंजिन ते, त्याला बॉक्स तरी केवढा असणार! मी छातीवर घेऊन उतरवलाय. (तुम्ही घेऊ नका, दुसऱ्या जॅकवर फळी टाकून घ्या. माझी बरगडी आठ दिवस दुखत होती.)

आता माझं ऐका. गोष्ट २०१३ ची, गाडी २००६ ची. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग आणायचं, टर्निंग करायचं, शिरोली एमआयडीसीत पोचवायचं, हे सगळं त्याच ऑम्नीवर. माघात ज्योतिबाचे खेटे असतात, म्हणजे रविवारी डोंगरावर दर्शनाला जायचं. साडूभाऊंचा शनिवारी रात्री फोन, "पाव्हणं, उद्या गाडी मिळंल का? सगळ्यास्नी घेऊन डोंगराला जाऊन येतो." खेटे चालत घालायचे असतात, नऊ माणसं ऑम्नीत कोंबून नाही, हे मी तेव्हा बोललो नाही. सासूबाई पण जाणार होत्या, तिथं बोलून काय उपयोग.

केर्लीवरून डोंगराचा चढ सुरू होतो. खेट्याच्या रविवारी त्या रस्त्यावर चालणाऱ्यांची रीघ, पुढं गाड्यांची रांग, दोन पावलं चाल की थांब. साडूभाऊंनी काय केलं, तर प्रत्येक थांब्याला हँडब्रेक ओढायचा सोडून गाडी हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धं दाबून, धरून ठेवली. नऊ माणसांची गाडी, चढावर, तासभर. हे मला आमच्या मेव्हण्याच्या पोरानं सांगितलं, तो पुढच्या सीटवर होता. वास सुटला तेव्हा सासूबाई म्हणाल्या कुणीतरी चारा पेटवलाय.

दुपारी फोन आला, "पाव्हणं, तुमच्या गाडीचा क्लच गेलाय." तुमच्या गाडीचा! माझ्या गाडीचा क्लच शनिवारी तीन-चारशे किलो कास्टिंग घेऊन शिरोलीला जाऊन आला होता, तेव्हा कुठं गेला नव्हता.

गाडी टेम्पोला बांधून गल्लीत आणली. एका गॅरेजवाल्यानं चार दिवसांची मुदत सांगितली आणि काय काय बदलावं लागेल याची यादी गाडी न उघडताच लिहून दिली. दिवसभर शतांश मिलिमीटरची मापं धरणारा माणूस क्लच प्लेटीसाठी दुसऱ्याच्या दारात का जाईल? हा माज होता, मान्य. सोमवारी सुट्टी टाकली, गल्लीतला एक पोरगा हाताशी घेतला.

खड्डा नाही म्हणून अडत नाही, पण गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरलात तर तुम्हाला शहाणा म्हणणार नाही. लोखंडी घोडे, म्हणजे गाडी पेलणारे स्टँड, आणा, चारही भाड्यानं मिळतात. विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक अजिबात नको, ते सांगून फुटत नाहीत. खाली शिरायच्या आधी गाडीला दोन्ही हातांनी जोरात हिसका द्या. हलली तर तुम्ही बाहेर असतानाच हललेली बरी. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा, कारण स्टार्टर उतरवायचा आहे.

शाफ्ट मागच्या ॲक्सलवरच्या डिफरन्शियलला जिथं जोडलाय, तिथं दोन्ही फ्लँजवर पंचनं एकेक खूण मारा, परत तसाच बसवायचा. आधी गिअर ऑइल काढून घ्या. मी काढलं नव्हतं, शाफ्ट बॉक्समधून ओढला आणि कोपरापर्यंत न्हालो. मग गोकुळ दुधाची रिकामी पिशवी लावून रबरानं बॉक्सचं तोंड बांधलं. क्लच केबल, स्पीडोमीटर केबल, रिव्हर्स लाइटची वायर, गिअरचं लिंकेज, स्टार्टर, हे काय सांगायला नको. बेल हाउसिंगचे (क्लचवरचं घंटेसारखं कवच) वरचे बोल्ट खालून शोधत बसू नका, सीट उचला, वरून हाताशी येतात. मागचा मेंबर, म्हणजे बॉक्स धरणारी आडवी पट्टी, सोडायच्या आधी इंजिनाखाली फळी घालून जॅक लावा, नाहीतर इंजिन मागं झुकून बसतं.

आणि बॉक्स घालताना-काढताना अर्ध्यावर लोंबकळत सोडू नका. त्याचं सगळं वजन इनपुट शाफ्टवरून (बॉक्सचा इंजिनाकडचा दांडा) प्लेटीच्या हबवर, म्हणजे मधल्या तुंब्यावर, येतं, आणि कोरी प्लेट वाकते. चहा नंतर प्या.

क्लच प्लेटीला फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या जड चाकावर, दाबून धरणारी प्रेशर प्लेट निघाली आणि मी मटकन बसलोच. फ्लायव्हीलच्या तोंडावर निळेजांभळे डाग, बांगडीसारखे गोल. प्लेटीचं लायनिंग, म्हणजे घासणारं अस्तर, काळं, काचेसारखं चकाकणारं, एका बाजूला भुगा झालेलं. पण लायनिंग धरणारे रिवेट अजून मिलिमीटरभर खाली! इथं नीट लक्ष द्या, कारण आमच्या घरातलं भांडण या मिलिमीटरवर उभं आहे. क्लच वयानं जातो तेव्हा लायनिंग झिजत रिवेटपर्यंत येतं आणि गाडी आधी महिनाभर टॉप गिअरला चढावर कुरकुरते. माझं लायनिंग शिल्लक होतं. ते झिजलं नव्हतं, भाजलं होतं. एका दिवसात भाजलं होतं.

फ्लायव्हील शॉपवर नेऊन लेथला फेसिंग केलं, म्हणजे तोंड कापून सपाट करायला घेतलं. निळ्या डागावर टूल आलं की आवाज बदलतो, टूल उडतं. तिथं लोखंड तापून कडक झालेलं असतं. तुमच्या फ्लायव्हीलला असे डाग असले तर ग्राइंडिंग करून घ्या, लेथवर ते सपाट येता येत नाही. मला नंतर ग्राइंडिंगच करावं लागलं. बारीक केसासारख्या चिरा पण असतील तर फेकून द्या.

सेंटरिंगसाठी, म्हणजे प्लेट बरोबर मध्यात बसावी म्हणून, दांडा मी स्वतः टर्न केला. पुढचं टोक फ्लायव्हीलच्या मधल्या पायलट बेअरिंगच्या मापाचं, मागचा टप्पा प्लेटीच्या दातांच्या आतल्या मापाचा. असा सुरेख दांडा झाला की आजही टेबलावर पेपरवेट म्हणून आहे. लेथ नसेल तर लाकडी दांड्याला चिकटपट्टी गुंडाळून माप आणा, चालतंय. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळत न्या, एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडं जाऊ नका.

रात्री साडेनऊला सगळं बसलं. स्टार्टर मारला, क्लच दाबला, पहिला गिअर पडेना. जोर लावला तर करकर. आणि बेल हाउसिंगमधून काहीतरी घासल्याचा आवाज.

प्लेट उलटी बसली होती. हबची उंच बाजू, स्प्रिंगांची बाजू, बॉक्सकडं पाहिजे. मी ती फ्लायव्हीलकडं केली होती, आणि ती फ्लायव्हीलच्या बोल्टांवर घासत होती. पोरानं प्लेट हातात दिली तशी मी चढवली. दिवसभर दांड्याचं कौतुक करत बसलेल्या माणसाला प्लेटीवर ठोकलेला शिक्का वाचायचं सुचलं नाही. आत ढकलायच्या आधी एकदा हातानं लावून, फिरवून बघितलं असतं तर कळलं असतं. शनिवारी परत सगळं उतरवलं. पहिल्या दिवशी अकरा तास लागले होते, दुसऱ्या वेळी साडेचार, त्यातला एक तास माणसं बघायला जमली म्हणून. ती प्लेटसुद्धा घासून गेली होती, दुसरी आणली. मात्र त्यानंतर त्याच क्लचवर गाडी पाच वर्षं चालली, विकेपर्यंत, त्याच कास्टिंगसकट. याबद्दल सासरवाडीत कुणी बोलत नाही.

बोलतात ते एवढंच. आता दिवाळी असो, बारसं असो, साडूभाऊ पंगतीत लांबून ओरडतात, "काय पाव्हणं, प्लेट सुलटी हाय न्हवं?" आणि वर बाकीच्यांना, "त्याचा क्लच आधीच गेलेला, माझ्या हातात फकस्त वास आला."

२०१६ च्या एका साखरपुड्याला मी ती भाजलेली प्लेट पिशवीतून नेली होती. बायको म्हणाली, "अहो, लोक आहेर आणतात." जेवणं झाल्यावर सगळ्यांपुढं ठेवली, रिवेट दाखवले, निळ्या डागांचं सांगितलं. साडूभाऊंनी प्लेट उलटसुलट केली आणि म्हणाले, "ह्यातली सुलटी बाजू कुठली?" सगळा मांडव हसला.

तुमचा राहिलेला प्रश्न. पूर्ण सेट टाका: प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं). नुसती प्लेट टाकून पैसे वाचवणारे परत बॉक्स उतरवताना भेटतात. रिलीज बेअरिंग रॉकेलात धुऊ नका, आतलं ग्रीस जातं आणि महिन्यात ओरडायला लागतं. नव्या प्रेशर प्लेटला गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते पेट्रोलच्या फडक्यानं पुसा. इनपुट शाफ्टच्या दातांना ग्रीस अगदी बोटाला लागेल एवढंच. जास्त लावलंत तर फिरताना लायनिंगवर उडतं. बेल हाउसिंगमधली काळी धूळ हवेनं उडवू नका, जुन्या लायनिंगात ॲस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्यानं पुसा. क्रँकचं मागचं सील ओलं दिसलं तर तिथंच बदला. एक माणूस पुरतो, पण तो प्लेट हातात देताना तुम्ही बघत असाल तर.

आणि हे खरं तर वर लिहायला हवं होतं. काहीही सोडायच्या आधी क्लच केबल बघा. पेडल बोटानं दाबलं तर सुरुवातीला बोटाच्या रुंदीएवढं सैल जायला पाहिजे. तेवढा प्ले नसेल तर पाय काढल्यावरही बेअरिंग क्लचला टेकून राहतं आणि गाडी थोडी थोडी घसरत राहते. केबलचं नट मागं घेऊन, गाडी चालवून बघा. कदाचित बॉक्स उतरवायची वेळच येणार नाही. माझ्या गाडीला त्या रविवारी प्ले जवळजवळ नव्हता. सोमवारी केबल सोडताना ते मला दिसलं होतं. शिरोलीच्या फेऱ्यांत बघायचं राहून गेलं असेल.

पण तेवढे निळे डाग नुसत्या केबलनं येत नाहीत. त्याला नऊ माणसं आणि केर्लीचा चढच लागतो.